नोंदवही आणि जाणीव : स्नायुवृद्धीविषयक व्यायामविचाराची एक चिकित्सा

बीजशब्द : स्नायुवृद्धी, व्यायामनोंद, जाणीव, तालीम, वस्ताद, क्रमवर्धित भार

प्रस्तावना

स्नायूंची वाढ साधण्यासाठी प्रत्येक व्यायामाचे वजन, आवर्तने आणि सेट यांची लेखी नोंद ठेवावी, की त्या त्या दिवशी शरीर जे सांगेल त्याप्रमाणे व्यायाम करावा, असा एक वाद व्यायाम करणाऱ्या तरुणांमध्ये प्रचलित आहे. एक पक्ष विचारतो, जे मोजले नाही ते वाढले की नाही हे कळणार कसे? दुसरा पक्ष उत्तर देतो, शरीर म्हणजे किराणा दुकानाचे उधारखाते आहे काय? आपला मल्ल कधी वही घेऊन हौद्यात उतरला होता? हा दुसरा युक्तिवाद महाराष्ट्रात विशेष प्रभावी ठरतो, कारण त्याच्या पाठीशी तालमीची परंपरा उभी केली जाते. प्रस्तुत लेखात या वादाची, आणि त्यातही परंपरेच्या या आधाराची, चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा व परिसरातील तरुणांच्या दृष्टीने हा विषय केवळ देहसौंदर्याचा राहत नाही. धानाची शेती आणि मर्यादित रोजगार असलेल्या या भागात पोलीस भरती हे अनेक घरांचे स्वप्न असते. शिपाईपदासाठी पुरुष उमेदवाराची छाती सर्वसाधारणपणे न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर त्याहून किमान ५ सेंटिमीटर अधिक भरावी लागते. पुढे १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. फीत ७८ वर थांबली तर पुढची मैदानी चाचणी द्यायची वेळच येत नाही. त्यामुळे छातीचा स्नायू वाढतो आहे की नाही, आणि नसेल तर कोठे चुकते आहे, हे कळणे किंवा न कळणे यावर येथील मुलाचे एक वर्ष अवलंबून असते.

शारीरिक शिक्षणाचा अध्यापक या नात्याने प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली दोन उदाहरणे येथे नोंदवणे आवश्यक वाटते, कारण या लेखाचा प्रश्न त्यांतूनच निर्माण झाला. एका विद्यार्थ्याने चार महिने नियमित वही ठेवली होती. बेंच प्रेसचे वजन ४० किलोवरून ६० किलोवर गेल्याचे त्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. प्रत्यक्ष पाहिले तेव्हा दांडी छातीपर्यंत येतच नव्हती. अर्ध्यावरून परत जात होती, आणि मागे उभा असलेला मित्र ती उचलून देत होता. वहीत वीस किलोंची प्रगती होती, छातीच्या मापात मात्र फरक नव्हता. दुसरा विद्यार्थी वही ठेवण्याच्या विरुद्ध होता. 'अंग दुखले म्हणजे व्यायाम लागला' हे त्याचे प्रमाण. दुखावे म्हणून तो रोज नवा प्रकार करीत असे. आठ महिन्यांनंतरही त्याच्या हातात तेच साडेसात किलोचे डंबेल्स होते आणि हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आलेले नव्हते. एकाला नोंदीने फसवले, दुसऱ्याला जाणिवेने. तेव्हा दोहोंपैकी एकाची निवड करणे पुरेसे नाही, हे उघड आहे.

तालमीतील संख्या

तालमीत वही नव्हती हे खरे. परंतु त्यावरून तालमीत मोजणी नव्हती असा निष्कर्ष काढणे हे परंपरेचे अज्ञान होय. जोर, बैठका, सपाट्या यांचा उल्लेख मराठीत संख्येवाचून सहसा होतच नाही. 'किती जोर काढतोस?' हा तालमीतल्या मुलाला विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो. समर्थ रामदासांच्या बाराशे नमस्कारांची परंपरागत कथा असो किंवा गामा पैलवानाच्या (१८७८-१९६०) रोजच्या पाच हजार बैठका आणि तीन हजार दंडांची ख्याती असो, बलोपासनेचे वर्णन आपण आकड्यांतच करीत आलो आहोत. म्हणजे 'आपली परंपरा जाणिवेची, मोजणी पाश्चात्त्यांची' ही विभागणी पहिल्याच कसोटीवर टिकत नाही.

मात्र येथे एक भेद करणे क्रमप्राप्त ठरते. गामाच्या पाच हजार बैठकांचा आकडा ही नोंद नाही, ती कीर्ती आहे. नोंदीला तारीख असते. काल किती, आज किती, उद्या किती हे तिच्यातून दिसते आणि मुख्य म्हणजे ती घटलेलीही दिसते. कीर्तीतला आकडा कधी घटत नाही. तो एकदा ठरला की पिढ्यान्‌पिढ्या तसाच सांगितला जातो, आणि ऐकणारा पोरगा पहिल्याच आठवड्यात पाचशे बैठका मारून गुडघे धरून बसतो. आपल्याकडील व्यायामविषयक चरित्रपर लेखनाचा हा मोठा दोष आहे. मल्लाने शेवटी काय गाठले हे त्यात भरभरून सांगितले जाते, तो तेथपर्यंत कोणत्या पायऱ्यांनी गेला याविषयी मात्र चरित्रकाराला उत्सुकता नसते.

याच्या अगदी उलट प्रकृतीचा ग्रंथ म्हणजे द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला 'व्यायाम ज्ञानकोश' होय. १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून दहा खंडांत प्रसिद्ध झालेला आणि १९५० मध्ये संक्षिप्त इंग्रजी रूपात आलेला हा कोश म्हणजे मराठी भाषेतील व्यायामविद्येचे सर्वात मोठे संकलन आहे. दंडांचे आणि बैठकांचे प्रकार, मल्लखांब, कुस्तीचे पेच, शस्त्रविद्या असा विस्तीर्ण संसार त्यात चित्रांसह नोंदवलेला आहे. ज्या काळात ही विद्या मुखोद्गत होती आणि राजाश्रयाबरोबर ओसरण्याचा धोका होता, त्या काळात हे काम झाले, याचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि कोश क्रिया सांगतो, करणारा माणूस सांगत नाही. अमुक दंड कसा काढावा हे त्यात कळते, परंतु तमुक मुलाने तो तीन महिने काढल्यावर त्याच्या दंडावर काय फरक पडला, या प्रश्नाला कोशाच्या रचनेतच जागा नाही. ही टीका कोशकारांवर नाही, कोशाचे ते कामच नव्हे. परंतु पुढच्या पिढीतील व्यायामशिक्षकांनी कोशातील वर्णनाला नोंदीची जोड दिली असती, तर मराठीत या विषयाचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले असते. दहा खंडांचे वर्णन आमच्याजवळ आहे, दहा मुलांची दहा वर्षांची नोंद मात्र नाही.

विदर्भापुरते बोलायचे तर अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा उल्लेख अपरिहार्य आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. संघव्यायाम, लेझीम, शिट्टीच्या तालावरील कवायत यांत मोजणी असते, पण ती सर्वांची मिळून एक असते. शंभर मुले एकाच आकड्यावर खाली बसतात आणि एकाच आकड्यावर उठतात. शिस्त, लय आणि सामूहिकता यांसाठी ती उत्तम. शंभरांतील कोणाच्या मांडीला ती संख्या पुरेशी झाली आणि कोणाच्या मांडीला ती कळलीही नाही, हे मात्र तिच्यातून समजत नाही.

सँडो आणि औंध

वैयक्तिक तक्ता घेऊन आलेले पहिले प्रभावी पुस्तक म्हणून युजेन सँडोच्या १८९७ मधील व्यायामपुस्तकाकडे पाहता येते. त्यात वयोगटानुसार हलक्या डंबेल्सची आवर्तने आणि ती क्रमाने वाढवण्याची कोष्टके दिलेली आहेत. गंमत अशी की, याच सँडोने मन स्नायूवर एकाग्र केल्याशिवाय नुसते हात हलवण्यात अर्थ नाही, असेही आग्रहाने सांगितले. कोष्टक आणि एकाग्रता, म्हणजेच नोंद आणि जाणीव, एकाच पुस्तकात शेजारी नांदत होती. आजचे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा अर्धा सँडो घेऊन भांडत आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

सँडोचा महाराष्ट्रातील सर्वात प्रसिद्ध शिष्य म्हणजे औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१). त्यांनी १८९७ च्या सुमारास सँडोची साधने आणि पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला आणि नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले. १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने नमस्कार पाश्चात्त्य वाचकापर्यंत पोहोचवला. औंध संस्थानातील शाळांतून तर तो रोजचाच झाला. या वळणाचा अर्थ अनेकदा 'परदेशी यंत्र टाकून स्वदेशी साधनेकडे' असा लावला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. स्नायुवृद्धीच्या दृष्टीने पाहिले असता यात एक गोष्ट मिळाली आणि एक गमावली. मिळाली ती अंगभूत मोजणी. सूर्याच्या बारा नावांबरोबर नमस्कार घातला की, वहीवाचून हिशेब राहतो. नामोच्चाराची लय श्वासाला बांधून ठेवते. गमावली ती भार वाढवण्याची शक्यता. नमस्कारात वाढवता येते ती संख्या, वजन माणसाच्या शरीराचे असते तेवढेच राहते. पंचवीस नमस्कारांचे तीनशे झाले म्हणजे दम, लवचीकता आणि सहनशक्ती यांत फरक पडतो. दंडाचा घेर त्याच प्रमाणात वाढेल, अशी अपेक्षा मात्र करता येत नाही. भवानरावांचा स्वतःचा दावाही आरोग्याचा आणि दीर्घायुष्याचा होता. स्नायुवृद्धीची अपेक्षा नंतरच्या लोकांनी त्यावर लादली.

तेव्हा मोजणी असणे एवढेच पुरेसे नाही. काय मोजले जाते, हा खरा प्रश्न आहे.

वहीचा उगम आणि तिची मर्यादा

आज व्यायामशाळेत जी वही दिसते तिचा उगम शरीरसौष्ठवात नसून रुग्णालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे आणि मांड्या पूर्ववत करण्याचे काम करणारे अमेरिकन लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये जड भाराच्या व्यायामावरील आपला लेख प्रसिद्ध केला. रुग्णाला जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येईल असे वजन शोधायचे, ते प्रमाण धरून व्यायाम द्यायचा आणि ठरावीक काळाने ते वजन पुन्हा तपासायचे, ही त्यांची रीत. १९४८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी ती तीन सेटपर्यंत आटोपशीर केली : दहा आवर्तनांच्या कमाल वजनाच्या निम्म्याने पहिला, पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. येथे नोंद ही उपचारपत्रिकेचा भाग होती. लिहिणारा आणि उचलणारा वेगळा होता, हे विसरून चालणार नाही. दवनीवाड्याच्या व्यायामशाळेत मात्र उचलणाराच लिहितो आणि तोच स्वतःला उत्तीर्णही करतो.

वहीची दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. वही वजन मोजते, स्नायू मोजत नाही. मोरितानी आणि डीव्हरीस यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते तिचा मोठा वाटा मज्जासंस्थेच्या जुळवणीचा असतो. स्नायूच्या आकाराचा वाटा त्यानंतर वाढत जातो. म्हणजे नव्या मुलाच्या वहीत पहिल्या महिन्यात जे आकडे झपाट्याने चढतात ते प्रामुख्याने कौशल्याचे असतात. पुढे ते मंदावतात तेव्हा मुलगा निराश होऊन व्यायामप्रकार बदलतो, आणि बहुधा स्नायू वाढू लागण्याच्या काळातच तो बदलतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, कोणत्याही शिक्षकाला तो सांगण्याची गरज पडू नये.

असे असूनही वहीची बाजू दुबळी नाही. शोएनफेल्ड, ओगबॉर्न आणि क्रीगर यांनी २०१७ मध्ये पंधरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात एका स्नायूसाठी आठवड्याला पाचपेक्षा कमी सेट करणाऱ्यांत सरासरी ५.४ टक्के, पाच ते नऊ सेट करणाऱ्यांत ६.६ टक्के आणि दहा किंवा अधिक सेट करणाऱ्यांत ९.८ टक्के वाढ आढळली. आठवड्याचे सेट ही गोष्ट जाणिवेने कळणारी नाही. सोमवारी छातीचे चार सेट झाले, गुरुवारी लग्नाला जावे लागले, शनिवारी तीन झाले, याची बेरीज स्नायूला आठवत नाही आणि स्मरणालाही ती नीट आठवत नाही. माणूस आपल्या व्यायामाचा अंदाज सहसा वाढवूनच सांगतो, आपल्या अभ्यासाच्या तासांप्रमाणेच.

जाणिवेचे प्रामाण्य

जाणिवेचा पक्ष मांडताना त्यातील तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ केली जाते. पहिली, व्यायामानंतरची अंगदुखी. दुसरी, व्यायाम चालू असताना अमुक स्नायूवर येणारा ताण जाणवणे. तिसरी, अजून किती आवर्तने निघतील याचा अंदाज. या तिन्हींची किंमत सारखी नाही.

अंगदुखीची किंमत सर्वात कमी. ब्राझीलमधील डामास आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधील अभ्यासात असे दिसले की, अगदी सुरुवातीला स्नायूत प्रथिननिर्मिती पुष्कळ वाढते, परंतु ती मुख्यतः झालेली इजा भरून काढण्यात खर्ची पडते. इजा ओसरल्यानंतरच्या आठवड्यांतील प्रथिननिर्मितीचा संबंध मात्र प्रत्यक्ष वाढीशी जुळतो. म्हणजे दुखणे थांबले की खरे काम सुरू होते. वर उल्लेखिलेला दुसरा विद्यार्थी दुखणे टिकवण्यासाठी रोज प्रकार बदलत होता. तो दररोज पाया खणत होता आणि भिंत कधीच उभी करीत नव्हता.

दुसऱ्या जाणिवेला मात्र आधार आहे. शोएनफेल्ड व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये व्यायामाची सवय नसलेल्या तीस तरुणांवर आठ आठवडे प्रयोग केला. एका गटाला स्नायू आवळण्याकडे लक्ष देण्यास सांगितले, दुसऱ्याला वजन वर नेण्याकडे. दंडाच्या पुढील स्नायूची जाडी पहिल्या गटात १२.४ टक्के, तर दुसऱ्यात ६.९ टक्के वाढली. मांडीच्या स्नायूत मात्र तसा फरक आढळला नाही. सँडोचे मन लावण्याचे सांगणे निदान दंडापुरते खरे ठरले, असे यावरून म्हणता येईल. एकाच छोट्या प्रयोगावर याहून मोठी इमारत बांधणे योग्य होणार नाही. परंतु पहिल्या विद्यार्थ्याची अर्ध्यावरून परतणारी दांडी आठवली की या जाणिवेचे महत्त्व पटते. छातीवर ताण येतो की नाही याकडे त्याचे लक्ष असते, तर वहीतला साठचा आकडा त्याला स्वतःलाच खोटा वाटला असता.

तिसरी जाणीव सर्वात महत्त्वाची आणि सर्वात फसवी. कॅनडातील मॉर्टन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ४९ सराव असलेल्या पुरुषांवर बारा आठवड्यांचा अभ्यास केला. एका गटाने हलक्या वजनाची २० ते २५ आवर्तने केली, दुसऱ्याने जड वजनाची ८ ते १२. दोन्ही गटांनी प्रत्येक सेट आणखी एकही आवर्तन निघणार नाही अशा बिंदूपर्यंत नेला, आणि दोन्ही गटांत स्नायुवृद्धी जवळजवळ सारखीच झाली. म्हणजे वजनाचा आकडा निर्णायक नव्हता. थकव्याच्या त्या बिंदूची समीपता निर्णायक होती. (याला खालची मर्यादा आहे. कमाल वजनाच्या २० टक्क्यांवर केलेल्या व्यायामाने वाढ बरीच कमी होते, असे २०१८ मधील दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले. पाचशे बैठकांच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.) आता ही समीपता वजनकाट्यावर दिसत नाही, ती आतूनच ओळखावी लागते. येथे जाणिवेचा पक्ष जिंकला असे वाटते.

परंतु ही ओळख उपजत नसते. बार्बोसा-नेटो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६० सराव असलेल्या पुरुषांना बेंच प्रेससाठी 'तुम्ही दहा आवर्तनांसाठी नेहमी वापरता ते वजन निवडा' असे सांगून नंतर जमेल तेवढी आवर्तने काढण्यास सांगितले. सरासरी सुमारे सोळा निघाली. 'आता संपलो' असे ज्या वजनाला ते रोज म्हणत होते, त्या वजनाला त्यांच्या अंगात आणखी सहा आवर्तने शिल्लक होती. झूर्डोस व सहकाऱ्यांच्या २०१६ मधील अभ्यासात, कमाल वजन एकदाच उचलल्यावर 'किती कठीण गेले' याला दहापैकी गुण द्यायला सांगितले तेव्हा अनुभवी गटाने सरासरी ९.८ दिले, नवशिक्यांनी ८.९६. पुढे काहीच शिल्लक नसताना नवशिक्याला शिल्लक असल्यासारखे वाटते आणि अर्ध्या वाटेवर असताना संपल्यासारखे वाटते. जाणीव शिकावी लागते, आणि शिकण्यासाठी तिला चूक दाखवणारे काही तरी समोर असावे लागते. 'आणखी दोन निघतील' असे वाटले होते, प्रत्यक्षात पाच निघाली, हे लिहून ठेवल्याशिवाय पुढच्या वेळी अंदाज सुधारणार कसा?

या ठिकाणी वादाची मांडणीच बदलते. ग्रॅहम आणि क्लेदर यांच्या २०२१ मधील अभ्यासात त्या दिवशीच्या जाणिवेनुसार वजन ठरवणाऱ्या गटाची ताकद बारा आठवड्यांत ठरीव वजनाच्या गटापेक्षा अधिक वाढली, आणि हा अभ्यास जाणिवेच्या बाजूने वारंवार पुढे केला जातो. मात्र त्या गटाची जाणीव म्हणजे 'किती आवर्तने शिल्लक राहिली' हा एक आकडा होता आणि त्यावरच वजन ठरत होते. जाणिवेने जो विजय मिळवला तो वहीच्या पानावर मिळवला.

वस्तादाची जागा

मग वहीवाचून तालमीतले मल्ल घडले कसे? या प्रश्नाचे उत्तर वस्ताद हे आहे. तालमीच्या कट्ट्यावर बसलेला माणूस जोर मोजत असे, पण त्याची नजर आकड्यावर नसे. कोणाची कंबर वाकते, कोणाचा श्वास फुलला, कोण चोरून अर्धा जोर काढतो, कोणाचे अंग आज बसत नाही, हे तो पाहत असे आणि एकाला पन्नास कमी करायला लावून दुसऱ्याला शंभर वाढवून देत असे. खुराकावरही त्याचेच लक्ष. कालचे, परवाचे, मागच्या जत्रेच्या वेळचे सारे त्याच्या डोक्यात असे. नोंद आणि जाणीव ही दोन्ही कामे तालमीत होती, ती मल्लाने करायची नव्हती इतकेच. 'मल्लाने कधी वही ठेवली नाही' असे म्हणणारा तरुण हे विसरतो की, त्या मल्लाची वही कट्ट्यावर बसलेली असे.

वस्तादाची नजर निर्दोष होती असे मात्र मुळीच नाही. तो आवडता-नावडता करीत असे आणि त्याच्या स्मरणाबरोबर ती सगळी नोंदही जात असे. शिवाय तालमीचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. त्या आठवणींना उजाळा देणारे लेखन या बाजूकडे सहसा काणाडोळा करते.

खेड्यातल्या आजच्या व्यायामशाळेत यंत्रे आली, आरसे आले, भिंतीवर परदेशी शरीरसौष्ठवपटूंची चित्रे आली. कट्टा तेवढा रिकामा राहिला. प्रशिक्षक असलाच तर तो संध्याकाळी दोन तास येतो आणि एका वेळी तीस मुलांकडे पाहतो. अशा स्थितीत 'शरीराचे ऐका' हा सल्ला ज्याच्या मागे दहा वर्षांचा सराव आहे त्याला उपयोगी, पण पहिल्या वर्षाच्या मुलाला तो अप्रत्यक्षपणे 'तुझे तू बघ' असे सांगण्यासारखा आहे. आणि 'सगळे लिहून ठेव' हा सल्लाही अपुरा आहे, कारण बहुतेक वह्यांत वस्तादाने पाहिले असते नेमके तेच सुटलेले असते. आमच्या महाविद्यालयातील मुलांच्या ज्या वह्या पाहिल्या त्यांत वजन आणि आवर्तने यांचे रकाने होते. दांडी छातीला टेकली का, मित्राने हात लावला का, आणखी किती निघाली असती, रात्री झोप किती झाली, यांपैकी एकही रकाना नव्हता. जेवणाचा तर नाहीच. दोन वेळा भात आणि पातळ वरण खाणाऱ्या मुलाच्या बेंच प्रेसचे वजन पाच किलोंनी चढले की नाही, याची चर्चा त्याच्या ताटाकडे न पाहता करणे व्यर्थ आहे. मॉर्टन व सहकाऱ्यांच्याच २०१८ मधील विश्लेषणानुसार शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने घेतल्याचा स्नायुवृद्धीला लाभ होतो. साठ किलोच्या मुलाला म्हणजे सुमारे ९६ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत ती किती येतात, हे गृहविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी सांगावे. विषयांच्या भिंती ओलांडण्याची सोय असलेल्या अशा अंकात हे आवाहन अस्थानी ठरू नये.

फितीचे काय? फीत दर पंधरा दिवसांनी, सकाळी, व्यायामापूर्वी, एकाच माणसाने लावावी. व्यायामानंतर लगेच लावलेली फीत रक्ताने तट्ट फुगलेला स्नायू मोजते आणि भरतीच्या मैदानावर तो सेंटिमीटर बरोबर येत नाही. पहिल्या विद्यार्थ्याला एवढेच सांगितले. वजन पुन्हा ४२ किलोवर आणले, दांडी छातीपर्यंत नेली आणि प्रत्येक सेटनंतर 'किती शिल्लक' हा एक रकाना वाढवला. पहिल्या दिवशी त्याने ती वही मित्राला दाखवली नाही. साठवरून बेचाळीसवर आल्याचे दाखवायला संकोच वाटत होता. गामाच्या पाच हजारांची सवय झालेल्या समाजात घटलेला आकडा लिहिणे हे सोपे काम नाही.

मुलींच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूप आणखी वेगळे आहे. पोलीस भरतीत त्यांना छातीचे माप नाही, परंतु ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे आणि गोळाफेक आहे. गोळा खांद्याच्या आणि मांडीच्या स्नायूंवाचून लांब जात नाही. भवानरावांनी नमस्काराचा प्रचार स्त्रियांसाठीही आवर्जून केला होता, पण तालमीत मुलींना कट्टा कधी मिळालाच नाही. त्यामुळे त्यांच्याजवळ 'वस्ताद सांगायचे' अशी आठवण नाही, 'आपल्याकडे वही नव्हती' असा अभिमानही नाही. यंदा प्रथम वर्षाच्या तीन मुलींनी गोळ्याच्या सरावासाठी एकच वही काढली आहे. एक फेकते, दुसरी पायाकडे पाहते, तिसरी लिहिते, आणि मग जागा बदलतात.